हाताची पाठ आणि पंतांचे पाय

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. कुणी रेल्वेत होतं, कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात. मी अजून कशातूनच निवृत्त झालेले नाही. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सकाळ-संध्याकाळ लोकांची कुत्री फिरवते. अंक काढणाऱ्या काकांनी "तूही लिही" म्हटलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लिही, पण कुत्र्यांबद्दल लिहू नकोस. लोक हसतील." पण कामाची आठवण म्हटली तर माझ्याकडे दुसरी नाही.

माझ्या मराठीत हिंदी शब्द येतात, त्याबद्दल आधीच माफी मागते. घरात आम्ही मराठी बोलतो, पण उंबरा ओलांडला की बनारस सुरू होतं.

बाबा मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका यात्री-निवासात आचारी आहेत. ते सातवीपर्यंत शिकले, आई पाचवीपर्यंत. माझा कॉलेजचा फॉर्म भरताना 'विषय' ह्या रकान्यापाशी आम्ही तिघं बराच वेळ नुसते बसून होतो. शेवटी मी प्राणिशास्त्र लिहिलं. त्यानंतर महिन्याभरात बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या साठे काकूंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तू जनावरांचं शिकतेस ना ग? मग आमच्या पंतांना फिरवशील?" आम्हाला तेव्हा वर्गात गांडूळ शिकवत होते. पण मी हो म्हटलं.

पंत म्हणजे साठ्यांचा लॅब्रडॉर. फिकट पिवळा, रुंद कपाळाचा, चालताना मान किंचित वर. त्याचं हे नाव साठे काकांनी ठेवलं होतं आणि ते स्वतः त्याला 'अहो पंत' अशी हाक मारायचे. त्यामुळे सगळी गल्ली त्याला मान देऊन बोलते. चहावाला गिऱ्हाइकांना सांगतो, "हटिए भाई, पंत जी निकल रहे हैं." मलाही त्यांना अरे-तुरे करायला जमत नाही, म्हणून इथेही तसंच लिहिते.

काका गेले आणि त्याच वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचे चिरंजीव अनिरुद्धदादा पुण्यात असतात. त्यांचं म्हणणं, आईने पुण्याला यावं. पण त्यांच्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये एवढं मोठं कुत्रं चालणार नाही, त्याला गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाकडे ठेवू. काकूंचं उत्तर माझ्यासमोरच फोनवर झालं होतं. "पंत चालते-फिरते आहेत आणि ही मुलगी रोज येतेय, तोवर मी इथून हलायची नाही." त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. एका घराचं छप्पर आपण हातावर धरलंय, असं काहीतरी.

पंतांना बघून आणखी लोकांनी विचारलं. सगळेच काही कुत्रं फिरवायला देत नव्हते. एका पांढऱ्याशुभ्र पामेरियनच्या मालकिणीची अट होती की कुत्र्याचे पाय गल्लीत टेकता कामा नयेत. मी ते कुत्रं कडेवर घेऊन अर्धा तास हिंडायची आणि घरी पोचल्यावर ते जमिनीवर उतरून व्यायाम झाल्यासारखं धापा टाकायचं. नव्या कॉलनीतल्या एका साहेबांकडे बर्फातलं कुत्रं होतं, ह्या एवढ्या केसांचं. त्याला मे महिन्यात अकरा वाजता डांबरी रस्त्यावर न्यायला सांगायचे. "धूप में विटामिन होता है बेटा, साइंस वाली हो, तुमको तो पता होना चाहिए." ते काम मी सोडलं. साहेब पायात जाड बूट घालून बोलत होते.

आता कामाबद्दल सांगते, कारण लांबून हे नुसतं दोरी धरून चालणं वाटतं.

कुत्र्याच्या पायाखाली काळी खरबरीत गादी असते. ती टायरसारखी दिसते, म्हणून लोकांना वाटतं की ती टायरसारखीच टिकाऊ असेल. पण ती कातडीच आहे, आणि जिवंत. उन्हाळ्यात हवा सुसह्य वाटत असते तेव्हाही दगड आणि डांबर भाजत असतात, आणि ऊन उतरल्यावरही तासन्‌तास गरम राहतात. म्हणून इतर गावांत सांगतात, सकाळी फिरवा. आमच्याकडे घाटावर सकाळचाच धोका जास्त. सगळे घाट पूर्वेला तोंड करून बसलेले आहेत. समोर नदी, पलीकडे रेती, मध्ये एक झाड नाही. सूर्य वर आला की पहिल्यांदा पायऱ्यांवरच येतो. त्याच वेळी मागच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारपर्यंत त्यांत ऊन शिरत नाही. म्हणजे गल्लीत पाय गार, आणि शेवटच्या वळणावरून घाटावर उतरलात की तव्यावर. संध्याकाळी मात्र मागच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर लवकर पडते. हे समजायला मला एक उन्हाळा आणि एक मोठी चूक लागली.

कुत्र्यांचे रबरी बूट मिळतात. आम्ही पंतांना आणून पाहिले. दुसऱ्याच्या चपला घातलेला माणूस लग्नात चालतो तसे ते चालले, प्रत्येक पाय उचलून, झटकून. तिसऱ्या दिवशी मी एक बूट पुसायला काढून बाजूला ठेवला आणि माकडाने पळवला. त्याने समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसून तो वास घेऊन पाहिला, चावून पाहिला आणि आमच्याकडे बघत खाली सोडून दिला, पण दुसऱ्याच्या अंगणात. तीन बूट घालून काय करायचं? बुटांचं तेवढ्यावरच राहिलं.

मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण माझी स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. आमच्या घरी गंगेवर चपला घालून जात नाहीत. आजोबांपासूनचा रिवाज आहे. मी चालायला लागल्यापासून त्या पायऱ्यांवर अनवाणी आहे. तेव्हा माझं म्हणणं असं की मला दगड तपासायला काही वेगळं करायलाच नको. मला भाजलं तर पंतांना भाजेल. मला नाही भाजलं, तर चला. काकूंना मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. "बूट घालणाऱ्यांना काय कळणार, काकू? मी पंतांच्या बरोबरीने चालते." काकूंना ते आवडलं होतं.

ही गोष्ट दोन उन्हाळ्यांपूर्वीची. साठे काकांचा नेम होता, उन्हाळ्यात पंतांना रोज पंचगंगा घाटावर गंगास्नान. काका पहाटे पाचला निघायचे आणि सहाच्या आत परत यायचे. तो नेम काकूंना मोडायचा नव्हता, म्हणून मीही तसंच करायची. त्या दिवशी माझा पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर दुपारी होता. पहाटे उठून वाचत बसले आणि काकूंकडे पोचायला आठ वाजून गेले. काकू म्हणाल्या, "आज राहू दे. गल्लीतच फिरवून आण." पण पंत दारात उभे होते, शेपूट हलवत. मी म्हटलं, "दहा मिनिटांत आणते काकू."

पंत पाण्यात उतरले की त्यांना बाहेर काढणं कठीण. दहाची पंचवीस मिनिटं झाली. मी पायरीवर उभी राहून मनातल्या मनात अमीबाचं प्रजनन घोकत होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"दगड तापले नसतील ना ग?"

मी पायांकडे पाहिलं. "नाही काकू, मी अनवाणीच उभी आहे की. मला काही लागत नाहीये."

मग आम्ही चढायला लागलो. पंचगंगेच्या पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना माहीत आहे, त्या संपतच नाहीत. पंधरा-वीस पायऱ्यांवर पंत थांबले आणि त्यांनी पुढचा उजवा पाय उचलला. मला वाटलं, पुन्हा पाण्यात जायचंय. मी म्हटलं, "चला पंत." काकांनी त्यांना फार चांगलं शिकवलं होतं. 'चला' म्हटलं की चालायचं. ते चालले. पुढे पुन्हा थांबले, दुसरा पाय उचलला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले तेव्हा पाय जळताहेत का म्हणून खालून एक नाववाला ओरडला, "ए बिटिया! पंत जी का पैर जर रहा है का? देखो तो!"

मी पाहिलं. त्यांचा एकही पाय दगडावर नीट टेकत नव्हता. चारही पायांवर आळीपाळीने भार टाकत ते उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. आवाज काढला नाही. कसंबसं ओढत त्यांना एका ओवरीच्या सावलीत नेलं, बाटलीतलं पाणी पायांवर ओतलं. पुढच्या दोन्ही गाद्यांची काळी कातडी सुटली होती, सालीसारखी. आत लाल.

नाववाल्याने आणि त्याच्या भावाने पंतांना उचलून वर गल्लीपर्यंत आणलं, तिथून ई-रिक्शाने दवाखान्यात. डॉक्टर म्हातारे आहेत आणि रागीट आहेत. त्यांनी गार पाण्याने पाय धुतले, मलम लावलं, चारही पायांना पट्ट्या बांधल्या आणि मग माझ्याकडे वळले.

"नहला के लाई थी?"

"जी."

"कितनी देर पानी में था?"

मी सांगितलं.

"बर्तन धोने के बाद अपनी उंगली देखी है? कैसी फूल जाती है? वही हाल इसके तलवे का था. भीगा, नरम. उसी को तुम पत्थर पर चढ़ा लाई. सूखा होता तो शायद बच जाता." मग विचारलं, "पत्थर छू के देखा था?"

"पैर से देखा था, डॉक्टर साहब."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. पायांकडे का पाहिलं, ते मला तेव्हा समजलं नाही.

काकूंना मी काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते, पण ते टाळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. काकूंनी दारात विचारलं, "अग बाई, काय झालं हे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "घाटावर काचा होत्या. कुणीतरी बाटली फोडली होती." ठरवून बोलले नव्हते. पण बोलून झालं होतं. पेपरला गेले. काय लिहिलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या बदलायला गेले तर काकू फोनवर होत्या. "काच लागली रे, अनिरुद्ध. त्यात तिचा काय दोष? तिनेच तर दवाखान्यात नेलं. ... ये, ये तू. आलास की बोलू." फोन ठेवून मला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येतोय. पंत बिछान्यावर दिसले की त्याला आयतं कारण मिळेल बघ. तोवर उभे राहायला हवेत." पंत कोपऱ्यात पोत्यावर पडून होते. चारी पाय पांढरे. माझा आवाज ऐकून त्यांनी शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मला तिथे उभं राहवेना.

तिथून मी सरळ बाबांच्या स्वयंपाकघरात गेले. यात्रेकरूंची पंगत होती, बाबा मोठ्या तव्यावर पोळ्या करत होते. मी दाराशीच बसले. बाबांनी पोळी टाकण्याआधी उलटा हात तव्यावर धरला, क्षणभर थांबले, मग पोळी टाकली. लहानपणापासून मी हे बघतेय. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

"बाबा, हात उलटा का धरता?"

"मग कसा धरू?"

"सरळ. तळहाताने."

बाबा हसले. तळहात माझ्यापुढे केला. "ह्याला काय कळतंय? हा मेला कधीच. चिमट्याशिवाय पोळ्या उलटतोय इतकी वर्षं. निखारा ठेवला तरी म्हणेल, ठीक आहे. खरं बोलते ती पाठ. तिला अजून कामाची सवय नाही."

मी माझे तळपाय वर करून पाहिले. टाचा भेगाळलेल्या, पुढचा भाग पिवळट, जाड, चामड्यासारखा. सतरा-अठरा वर्षांचा घाट त्यांत बसला होता. आणि मी त्या मेलेल्या पायांना विचारत होते, पंतांना भाजेल का म्हणून.

"काय झालं ग?" बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, काचेचंसुद्धा. बाबांनी पोळी उलटली. "काकूंना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? पंत काय माझ्या घरचे आहेत?"

मी परत गेले तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सांगितलं. वाक्यं पाठ करून गेले होते, ती सगळी विसरले. काकूंचा हात सुपात थांबला.

"मी फोनवर विचारलं होतं तुला."

"हो."

"आणि तू म्हणालीस, मी उभी आहे."

"हो, काकू."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "पट्टी बदलायची वेळ झाली. पाणी निवलंय का बघ." मी उठले. त्यापुढे आठवडाभर काकू माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी जात राहिले.

अडचण अशी होती की पंतांना दिवसातून तीनदा खाली न्यायला हवं आणि काकूंचं घर पहिल्या मजल्यावर, जिना उभा. पाय टेकवायचे नव्हते. माझ्याने एवढं वजन उचलेना. दुसऱ्याच सकाळी बाबा आले. माझे बाबा स्वयंपाकघरातल्या सोवळ्यापायी रस्त्यातल्या कुत्र्यालाही लांबून वळसा घालतात. त्यांनी एक जाड चादर पंतांच्या पोटाखालून घेतली, दोन्ही टोकं धरली आणि वरणाचं पातेलं उचलावं तसं त्यांना उचलून जिना उतरले. "हलू नका पंत, सांडाल," एवढंच म्हणाले. मातीच्या एका तुकड्यावर त्यांना उभं केलं, तोंड दुसरीकडे करून थांबले, पुन्हा वर आणलं. मग घरी जाऊन आंघोळ, मग कामाला. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. तीन-तीन आंघोळी. आई म्हणाली, "पंतांचं नाही, तुमचंच गंगास्नान चाललंय."

अनिरुद्धदादा आले तेव्हा पंत उभे राहत होते, पण चालत नव्हते. दादांनी चारही पायांच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, "आई, हे काचेचं दिसत नाही."

काकू म्हणाल्या, "काचेचं नाहीच. भाजलंय. हिने उन्हात आणलं." मी दाराजवळ औषधाची बाटली धरून उभी होते. जमिनीकडे पाहत राहिले.

"म्हणजे हिच्याच हातून झालं? आणि ह्या मुलीच्या भरवशावर तू इथे राहणार?"

"हिच्याच हातून झालं. आधी खोटंही बोलली. मग आपणहून येऊन खरं सांगितलं, मी विचारलंसुद्धा नव्हतं." काकू जराशा थांबल्या. "तू जो माणूस बघितलायस गावाबाहेर, त्याच्याकडे पंतांना काही झालं, तर तो मला फोन करून सांगेल का रे?"

दादा पंतांजवळ जाऊन खाली बसले. त्यांनी वाईट माणसासारखं काहीच केलं नाही, हेही लिहायला हवं. तीन दिवस राहिले, पंतांना स्वतः भरवलं, बाबांबरोबर चादरीचं एक टोक धरून जिना उतरले. जाताना मला म्हणाले, "मला दर रविवारी पायांचा फोटो पाठव." मी पाठवत राहिले. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, असं नाही. पण पंतांना सोडून जायचा निघाला नाही.

नवी कातडी आधी गुलाबी आली, मग हळूहळू काळी पडली. डॉक्टरांनी परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे साडेपाचला गेले. जिना पंत स्वतः उतरले. गल्लीच्या उंबऱ्यावर मात्र थांबले. नाक खाली केलं, दगड हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. 'चला' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला. खाली वाकले, उजव्या हाताची पाठ दगडावर टेकवली आणि दहापर्यंत सावकाश मोजलं. दगड गार होता. पंतांनी माझा हात पाहिला. मी हात उचलल्यावर त्यांनी नेमकी तीच जागा हुंगली, आणि तिथेच पाय ठेवला.

आता माझ्याकडे पाच कुत्री आहेत आणि सगळ्यांसाठी हाच नियम आहे. दगड असो की डांबर, आधी हाताची पाठ, दहापर्यंत. मध्येच हात उचलावासा वाटला तर परत फिरायचं. आंघोळ घातली तर पाय पूर्ण सुकल्याशिवाय चढायचं नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी सहानंतर घाट नाही. हे मी मालकांनाही सांगते. काही हसतात. बर्फातल्या कुत्र्याचे साहेब मध्यंतरी पुन्हा आले होते. मी त्यांना म्हटलं, "अंकल जी, पहले जूता उतारिए, और उल्टा हाथ सड़क पर रखिए." त्यांनी हात ठेवला. तीनला उचलला. आता ते कुत्रं पहाटे निघतं.

पण बाकीच्या चौघांना माझ्या हाताशी काही देणं-घेणं नाही. ती ओढत निघतात. पंत मात्र अजून प्रत्येक वळणावर थांबतात, जिथे गल्ली संपून घाट लागतो तिथे तर थांबतातच, आणि माझ्या हाताकडे बघतात. माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता तो मी तीन वेळा 'चला' म्हणून खर्च केला. आता हातावर आहे.

गेल्या पौषात इतकं धुकं होतं की नदी दिसत नव्हती. दगड बर्फासारखे. पंत पहिल्या पायरीवर थांबले. मी वाकून हात उलटा टेकवला, बोटं बधिर झाली तरी दहापर्यंत मोजलं. वर आलेल्या एका यात्रेकरू बाईंना वाटलं, ही इथली पूजेची रीत असावी. त्यांनीही वाकून हाताची पाठ पायरीला लावली आणि हात कपाळाला लावला. मला विचारलं, "बेटी, कौन देवता हैं यहाँ?"

 मी हात उचलला आणि बाजूला झाले. पंतांनी ती जागा हुंगली, पाय ठेवला, आणि त्या बाईंच्या बाजूने, मान किंचित वर करून, पायऱ्या उतरायला लागले. मी त्यांच्यामागे गेले.